चौदा कुलपं, एक किल्ली

वैराग
१८ नोव्हेंबर २०२४

वैजू,

आशीर्वाद आधी घेऊन ठेव, बोलणी मागून येतायत.

जावईबापूंचा फोन आला होता. माझ्या कानातलं मशीन शिट्टी मारत होतं, तरी निम्मं कळलं. उरलेलं निम्मं तुझ्या मामीनं कानाशी ओरडून सांगितलं, त्यामुळं ते दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही कळलं. तू म्हणे मोडका पाय उशीवर ठेवून दिवसभर कुलपात तारा घालत बसतेस आणि किल्लीवाचून कुलूप उघडलं की टाळ्या पिटतेस. जावईबापूंच्या गुडघ्याला कुलूप लागून टेंगूळ आलंय, तेही समजलं.

तुला दुसरं काही सुचलं नाही का गं? पाय मोडलेल्या बायका स्वेटर विणतात, पोथी वाचतात, सुनेला नावं ठेवतात. तुला सून नाही हे खरं, पण म्हणून कुलपांच्या मागे लागायचं? मी चाळीस वर्षं या पेठेत कुलपं विकतोय. गिऱ्हाईक कुलूप हातात घेऊन विचारतं, मामा, टिकंल का? मी छातीवर हात ठेवून सांगतो, टिकंल. आता त्याच मामाची भाची कुलपं उघडायला शिकते म्हटल्यावर मी कुठली छाती दाखवू? परवा एकानं विचारलंच, मामानं विकायची आणि भाचीनं उघडायची असा जोडधंदा काढलाय काय म्हणून. मी त्याला चहा न पाजता घालवला.

दसऱ्याला तुमच्या गल्लीला चौदा कुलपं पाठवली. ती किती जीव लावून पाठवली ते माझं मला ठाऊक. निदान त्यांना तरी तारा लावू नकोस.

फोन करू नकोस, पत्र लिही. मोबाइलवरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात आणि तुझी मामी ती वाचून दाखवताना मधे स्वतःचं घालते.

मानसिंग मामा


सोलापूर
२४ नोव्हेंबर २०२४

मामा,

नमस्कार. मामींनाही सांगा, आणि दुकानात जरा हळू बोलायला सांगा.

पाय मोडून महिना झाला. टॉवेलच्या कारखान्यातले माझे हिशेब दुसरंच कुणीतरी बघतंय आणि चुकवतंय. टीव्ही बघून डोकं उठलं. युवराज सकाळी जातात ते संध्याकाळी येतात आणि आल्यावर विचारतात, आज काय केलंस? प्लास्टरमध्ये माणूस काय करणार? हे सगळं मी फोनवर संस्कृतीला सुनावलं, तर तिनं पुण्याहून एक पार्सल पाठवलं. ऑफिसातली तिची मैत्रीण हा छंद करते म्हणे. आत एक आरपार दिसणारं कुलूप, एक वाकवलेली पट्टी आणि पातळ दांड्यांचे चार-पाच आकडे. युवराज म्हणाले, लेकीनं आईला चोरीचं सामान पाठवलं. तेव्हापासून त्यांचं तेच चालू आहे.

मामा, तुम्ही चाळीस वर्षं कुलपं विकलीत, पण चालू कुलूप आतून कधी बघितलंत का? आत लहानमोठ्या खिळ्या असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंग. बरोबर किल्ली गेली की सगळ्या एका रेषेत येतात आणि कुलूप फिरतं. आपण काय करायचं, पट्टीनं अगदी हलका पीळ द्यायचा आणि आकड्यानं एकेक खिळी वर ढकलत जायचं. खिळी जागेवर बसली की बोटाला बारीक टिचकी लागते. सगळी गंमत त्या टिचकीची आहे. पहिल्या दिवशी मी इतका जोर लावला की आकडा वाकला. मग मी कुलूप फेकलं, ते युवराजांच्या गुडघ्यावर गेलं. संस्कृती फोनवर म्हणाली, आई, तू भाकरी थापल्यासारखी दाबतेयस, बोटाच्या टोकावर घे की जरा. दुसऱ्या दिवशी घेतलं, आणि ते उघडलं. मी टाळ्या वाजवल्या हे खरं आहे. घरात वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि या छंदाला नियम आहेत, हे जावईबापूंनी तुम्हाला सांगितलं नसणार. जे कुलूप आपलं नाही त्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. जे दाराला लागलेलं आहे, रोजच्या वापरातलं आहे, त्याला तर आपलं असलं तरी लावायचा नाही. आतली खिळी अडकली तर पंचाईत होते.

आता एक विचारायचं आहे. आमच्या शेजारच्या सोजरबाई दुपारी माझ्याकडे येऊन बसतात. एकट्याच असतात, मुलगा बाहेरगावी. परवा त्या आपल्या ग्रिलचं कुलूप काढून घेऊन आल्या, बंद करून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, उघड बघू, उघडलंस तर च्या पाजते. हे तुम्ही पाठवलेल्यातलंच. नियम बाजूला ठेवून तासभर झटले, नाही उघडलं. त्यांची किल्ली घरी राहिली होती. मी सहज माझी किल्ली घालून बघितली, तर ते उघडलं. आकड्यानंच उघडलं समजून त्यांनी चहा पाजला, पण मी विचारात पडले आहे. हा योगायोगच ना मामा?

तुमची,
वैजू


वैराग
३० नोव्हेंबर २०२४

वैजू,

पत्र मिळालं. तुझ्या खिळ्या आणि टिचक्या मी वाचल्या. नियमही वाचले. चोरांनाही नियम असतील, मी कधी विचारले नाहीत.

पण योगायोग? माझ्या मेहनतीला तू योगायोग म्हणतेस?

अगं, आमच्याकडं शेतकरी येतो तेव्हा एक कुलूप कधी मागत नाही. गोठ्याला एक, मोटारीच्या पेटीला एक, खताच्या खोलीला एक, फाटकाला एक, अशी दहा-बारा घेतो. बारा किल्ल्या कमरेला बांधून तो रानात हिंडणार आहे का? म्हणून दुकानदारानं एकाच किल्लीची कुलपं काढून द्यायची असतात. हे काम सगळ्यांना जमत नाही. प्रत्येक किल्लीवर बारीक आकडा, म्हणजे नंबर, असतो, तो बघत खोकीच्या खोकी उपसावी लागतात. तुझी चौदाची ऑर्डर आली तेव्हा माझ्याकडं एका आकड्याची पाचच निघाली. मग बार्शीच्या व्यापाऱ्याकडं गेलो, त्याच्या गोदामात पालथा पडलो, धुळीनं शिंका येऊन बेजार झालो. तेव्हा कुठं चौदा एका किल्लीची जमली. तो म्हणाला, मामा, जाऊ द्या की, वेगवेगळी द्या. मी म्हटलं, माझ्या वैजूच्या गल्लीचं काम आहे.

आता तुम्हा कुणाची किल्ली हरवली तरी शेजाऱ्याची चालेल. सगळ्यांना सांग. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, म्हटलं कळेल तेव्हा पोरगी खूश होईल.

मामा


सोलापूर
४ डिसेंबर २०२४

मामा,

मी खूश झालेली नाही.

मामा, ही गल्ली आहे. शेत नाही. चौदा घरं म्हणजे चौदा कुटुंबं, त्यातल्या निम्म्यांचं एकमेकांशी पाण्याच्या टाकीवरून बोलणं बंद आहे. पलीकडच्या गल्लीत चोरी झाली म्हणून सगळे घाबरले होते. नवी पेठ हाकेच्या अंतरावर असताना, मामांना वाईट वाटेल म्हणून मी वैरागहून कुलपं मागवली. घरोघर जाऊन सांगितलं की माझ्या मामांचं दुकान आहे, डोळे झाकून लावा. त्यांनी डोळे झाकून लावली. आता गल्लीतला कुणीही कुणाच्याही घरात शिरू शकतो, आणि हे फक्त मला आणि तुम्हाला माहीत आहे.

आणखी सांगते. युवराजांच्या कृपेनं माझा छंद सगळ्या गल्लीला कळला आहे. उद्या कुणाच्या घरातली वाटी जरी हलली तरी पहिलं बोट माझ्याकडं येणार. पंचवीस वर्षं इथं राहतेय. गणपतीची वर्गणी माझ्याकडं असते, लोक लग्नाला जाताना दागिन्यांचा डबा माझ्याकडं ठेवून जातात. तेवढंच मी इथं कमावलं आहे, मामा. ते जाईल.

वेगवेगळ्या किल्लीची कुलपं ताबडतोब पाठवा. मी सावकाश, काहीतरी कारण सांगून बदलून घेते. एसटीनं पाठवा, मी युवराजांना स्टँडवर धाडते.

वैजू


वैराग
१३ डिसेंबर २०२४

वैजू,

तुझं पत्र आल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. मामीला दाखवलं नाही, नाहीतर तिनं पेठेत वाचून दाखवलं असतं.

तू रागावलीस ते कळलं. पण मला अजून कळत नाही की बिघडलं काय. इतके दिवस झाले, कुणाचं काही गेलं का? ज्याला माहीतच नाही तो दुसऱ्याच्या दाराला आपली किल्ली कशाला लावेल? तू गप्प बसलीस तर सगळं गप्प बसेल. तरी तुझ्यासाठी कुलपं बदलून देतो. व्यापाऱ्याकडचा नवा माल आला की पाठवतो.

उशीर होण्याला दुसरंही कारण आहे, ते सांगतो, पण जावईबापूंना सांगू नकोस. तुझ्या पत्रातल्या त्या टिचकीनं माझं डोकं खाल्लं. चाळीस वर्षं विकतोय आणि आत काय आहे ते माहीत नाही, हे तू लिहिलंस ते लागलं. म्हणून छत्रीची काडी घासून आकडा केला आणि दुकानाच्या शटरच्या कुलपावर बसलो. दुसरं घ्यायला पाहिजे होतं, पण म्हटलं शिकायचं तर चांगल्यावर शिकावं. काडी आत गेली. टिचकी काही लागली नाही. काडी मोडली ती आतच राहिली. मग किल्लीही जाईना.

बाजाराचा दिवस होता. कुलपांचं दुकान कुलूप उघडत नाही म्हणून बंद, आणि मालक पायरीवर. सगळा तालुका येऊन बघून गेला. शेवटी वेल्डिंगवाल्यानं कुलूप कापलं. मीच विकलेलं, मीच छातीवर हात ठेवलेला. तुझी मामी अजून हसते आहे.

दारावरच्या कुलपाला हात लावायचा नाही हा तुझा नियम खरा आहे. तेवढं मान्य.

मामा


सोलापूर
२२ डिसेंबर २०२४

मामा,

गप्प बसलीस तर सगळं गप्प बसेल, असं तुम्ही लिहिलं होतं. मी गप्प बसले. आता ऐका.

सोजरबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डोळ्याला काळा चष्मा. आमची घरं एकाच बिल्डरनं बांधलेली, सगळी एकाच रंगाची, सगळ्यांना तसंच हिरवं ग्रिल. गुरुवारी त्या देवळातून आल्या आणि आपलं घर समजून गल्लीतल्या रेवणप्पांच्या दारात गेल्या. किल्ली लावली. कुलूप उघडलं. का नाही उघडणार, मामांनी गोदामात पालथं पडून जुळवलं होतं.

रेवणप्पा आणि त्यांची बायको बसव्वा अक्कलकोटला गेले होते. सोजरबाई आत गेल्या, स्वयंपाकघरातले डबे हललेले दिसले तर त्यांना वाटलं, मागच्या आठवड्यात सून येऊन गेली तिनं लावून ठेवलं असेल. मनातल्या मनात सुनेला शिव्या देत त्यांनी पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या आणि कॉटवर आडव्या झाल्या. रेवणप्पा परत आले तर दार उघडं, दारात चपला, घरभर लसणाची फोडणी. ते चोर चोर म्हणून ओरडले. सोजरबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "आलासा व्हय? या की, बसा. भाकरी गरम हाय."

हे हसण्यासारखं आहे. मीही आधी हसले. संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या एकमेकांच्या कुलपांना लावून बघितल्या आणि मग कुणी हसलं नाही. आम्ही गणपती बसवतो त्या शेडमध्ये बैठक झाली. मी काठी टेकत गेले. माझ्या मामांचं दुकान, त्यांनी प्रेमानं एका किल्लीची काढून दिली, हे मी सांगितलं. कुणालाही पटलं नाही. इतकी मेहनत करून कुणी अशी कुलपं जुळवतं का, असं विचारत होते. मला तरी कुठं पटलं होतं?

रेवणप्पा उभे राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुलपं ह्यांनीच आणली. किल्ली एकच. वर उघडायलाबी शिकतायत. मग आमी काय समजायचं?"

पंचवीस वर्षांत यांच्या घरचं हळदीकुंकू मी एकदाही चुकवलं नव्हतं. बसव्वा खाली बघत होत्या. मी घरी आले, आकड्यांची ती पिशवी घेतली आणि परत जाऊन रेवणप्पांच्या हातात दिली. म्हटलं, तुमच्याकडं ठेवा, मला नको. त्यांनी घेतली. मग मी घरी येऊन रडले. युवराज म्हणाले, मी सांगत होतो. त्यांना मी काय फेकून मारलं ते विचारू नका.

आता कुलपं एसटीनं पाठवू नका. तुम्ही स्वतः या.

वैजू


वैराग
६ जानेवारी २०२५

वैजू,

घरी सुखरूप पोचलो.

मी आलो, कुलपं दिली, पण मन हलकं झालं नाही. या खेपेला सात लिव्हरची आणली, प्रत्येकाची किल्ली निराळी. तुझ्या गल्लीत सतरंजीवर बसून प्रत्येकाच्या पुढ्यात एकाची किल्ली दुसऱ्याला लावून दाखवली, एकही लागली नाही. मी त्यांना म्हणालो, "चूक माझी हाय. मला वाटलं, गल्ली म्हंजे एक घर. पोरीला बोलू नका." त्यांनी ऐकून घेतलं. चहा दिला. रेवणप्पांनी तर कुलूप कानाशी धरून हलवून बघितलं. बसव्वाला बजावून सांगितलं की दोन्ही किल्ल्या कमरेला ठेवायच्या, एकही घरात पडू द्यायची नाही.

पण वैजू, मी म्हातारा झालो तरी मला दिसतं. दुपारभर तुझ्या दारात सोजरबाईंशिवाय कुणी आलं नाही. मी निघालो तेव्हा तू ओट्यावर उभी होतीस आणि समोरच्या बाईनं आपलं दार ओढून घेतलं, मग नवं कुलूप तीनदा खेचून बघितलं. एसटीत बसून मला त्याचंच वाईट वाटत राहिलं. कुलूप बदलता येतं, ते मी बदललं. पुढचं माझ्या दुकानात मिळत नाही.

तुझे आकडे रेवणप्पाकडं आहेत, ते राहू देत तिथंच.

मामा


सोलापूर
२ फेब्रुवारी २०२५

मामा,

नमस्कार. मामींना हे पत्र अवश्य वाचू द्या, पेठेत वाचून दाखवलं तरी चालेल.

तुम्ही गेल्यावर तीन आठवडे मी गल्लीत नुसती चालले. कुणी वाईट बोललं नाही, पण मी ओट्यावर आले की बायका आत जायच्या. यंदा संक्रांतीला आमच्या घरचा तिळगूळ उरला. कधी उरत नाही. मला त्याचा राग आला आणि दुःखही झालं, आणि सगळ्यात जास्त राग तुमचा आला. हे लिहून मोकळी होते.

मागच्या रविवारी बसव्वांच्या भाचीचा साखरपुडा होता, अक्कलकोटला. बसव्वा सकाळीच निघाल्या, रेवणप्पा मागाहून जाणार होते. ते अंघोळ करत होते. बसव्वांनी नव्या सवयीनं ग्रिलला बाहेरून कुलूप घातलं, तीनदा खेचून बघितलं, आणि रेवणप्पांनीच सांगितल्याप्रमाणं दोन्ही किल्ल्या कमरेला खोचून एसटीत बसल्या. नवरा आत आहे हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. त्यांचा मोबाइल घरात चार्जिंगला. रेवणप्पा फोन करायचे आणि तो त्यांच्याच मागं वाजायचा.

मी अंगणात होते. ग्रिलमागून हाक आली, "वैजूबाई, जरा या की."

मी गेले. ते नवा सदरा, कोसा फेटा घालून गजांमागं उभे. त्यांनी गजांतून माझी पिशवी बाहेर काढली. मी दिली होती तशीच, वर दोरा बांधलेला, उघडलेलीसुद्धा नाही. म्हणाले, "एन माडोदु. काय करनार. उघडा."

तोवर गल्ली जमलीच. ज्या बायका मला बघून आत जात होत्या त्या सगळ्या बाहेर आल्या. मी म्हटलं, दाराला लागलेल्या कुलपाला हात लावायचा नाही असा नियम आहे. रेवणप्पा म्हणाले, "घरमालक मी, परवानगी मी देतो. लवकर उघडा, तिकडं साखरपुडा हाय."

मी बसले. काठी बाजूला ठेवली आणि पट्टी घातली. मामा, तुम्ही आणलेली कुलपं खिळ्यांची नाहीत, आत लिव्हरच्या पट्ट्या आहेत. त्यांना वेगळी हत्यारं लागतात, माझे आकडे तिथं शेवाळ्यावर पाय घसरावा तसे घसरतात. हे मी सगळ्यांना समजावून सांगत होते. ऐकतंय कोण? सगळे माझ्या हाताकडं बघत होते. रेवणप्पांचं नाक माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. त्यांनी श्वास घेतला की माझा पीळ सुटायचा. घाम आला, पाय दुखायला लागला, एक आकडा वाकला, दुसरा मोडता मोडता राहिला. दीड महिन्याचा सराव, आणि इतक्या माणसांसमोर ते कुलूप जागचं हललं नाही.

मागून सोजरबाई म्हणाल्या, "अगं बया, मला तर हेच घर लगीच उघडलं हुतं."

आधी समोरची बाई हसली. मग सगळेच हसले. रेवणप्पा गजांना धरून हसू दाबत होते. त्यांनी माझ्या हातातल्या वाकड्या आकड्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग आमी एवढं भ्यालो कशाला?"

मामा, मला इतका संताप आला. हे लोक मला महिनाभर चोर समजले, आणि आता अडाणी ठरवून मोकळे झाले. मी ओरडून सांगत होते की हे पट्ट्यांचं कुलूप आहे, खिळ्यांचं आणा, आत्ता उघडून दाखवते. सगळे म्हणत होते, असू द्या वैजूताई, होतं असं, असू द्या. वैजूताई. महिन्यात पहिल्यांदा कुणी ताई म्हणालं. मग मी आकडे पिशवीत भरले.

कुणीतरी करवत आणली. रेवणप्पांनी हात करून थांबवलं. एवढं मजबूत कुलूप कापायचं नाही म्हणाले, मामांनी जीव लावून दिलंय. हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते. साखरपुडा चुकला तरी चालेल म्हणाले, आणि गजांमागं खुर्ची टाकून बसले. समोरच्या बाईनं उप्पीट केलं. बशी उभी धरून गजांतून आत सरकवली तेव्हा निम्मं सांडलं. चहाही तसाच. मीही त्यांच्या ग्रिलला टेकून बसले, पाय लांब करून. त्यांनी विचारलं, टिचकी म्हणजे काय असते ते दाखवा. मी ते आरपार दिसणारं कुलूप घरून आणवलं. त्यांनी गजांतून दोन्ही हात बाहेर काढून ते उघडलं. पहिल्याच झटक्यात, मामा. आणि टाळ्या वाजवल्या. बसव्वा दुपार टळल्यावर आल्या, नवऱ्याला बघितलं आणि म्हणाल्या, "तुमी आलाच न्हाई ते? लई वाट बघितली."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवणप्पा आमच्या दारात. हातात किल्ली. म्हणाले, "ही तुमच्याकडं ठिवा. परत असं झालं तर तुमाला काय कुलूप उघडत न्हाय. किल्लीच बरी."

हा सन्मान आहे की अपमान, मला अजून ठरवता आलेलं नाही. घेतली. दुपारी समोरची बाई आली, आपली दुसरी किल्ली घेऊन. म्हणाली, रेवणप्पांनी ठेवली म्हणून. मग पाण्याच्या टाकीवरून ज्यांचं बोलणं बंद आहे ते दोघंही आले, एकामागून एक, एकमेकांना न दिसता. सोजरबाई तर आपल्या दोन्ही किल्ल्या घेऊन आल्या, म्हणाल्या, माझ्याजवळ राहत न्हाईत, आणि एखाद्या दिवशी उठले न्हाई तर कुनीतरी आत याय पायजे की. त्या गेल्यावर मी बराच वेळ त्या किल्ल्या हातात धरून बसले.

तर मामा, तुम्ही चौदा कुलपांना एक किल्ली दिली म्हणून मी तुम्हाला इतकं बोलले. आठवड्यात बाकीचेही आले, आता चौदाही कुलपांच्या किल्ल्या माझ्या घरात आहेत. तुमचं म्हणणं खरं झालं असं मी लिहिणार नाही, पण तुम्ही ते वाचालच. सगळ्या किल्ल्या दिसायला सारख्या, कुणाची कुठली कळत नाही, म्हणून टॉवेलच्या रंगीत दशा बांधल्या आहेत. सकाळपासून बेल. वैजूताई, किल्ली द्या. वैजूताई, आमच्या पाहुण्यांना किल्ली द्या. कारखान्यात परत जायचं आहे, पायावर व्यायाम करायचा आहे, आणि मी दारात उभी राहून निळी दशी शोधते. मी अतिशय वैतागले आहे. आणि मला फार बरं वाटतं आहे.

एक काम करा. आकडे ठोकलेला एक फळा पाठवा, चौदा आकड्यांचा. तो कपाटात टांगणार आहे. त्या कपाटासाठी एक कुलूपही पाठवा, त्याची दुसरी किल्ली सोजरबाईंकडे ठेवीन. पण ते खिळ्यांचं पाठवा, पट्ट्यांचं नको. दोन्ही किल्ल्या एक दिवस हरवणार हे मी धरूनच चालले आहे, आणि या गल्लीत निदान एक तरी कुलूप मला उघडता यायला हवं.

तुमची,
वैजू